पीपीआरच्या लसीकरणाला ऑटोमॅटिक सिरिंज की डिस्पोजेबल?

पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस टोचताना कळप मोठा असेल तर ऑटोमॅटिक सिरिंज (दर दाबाला ठरलेली मात्रा सोडून स्प्रिंगने पुन्हा भरणारी) घ्यावी की डिस्पोजेबलवरच भागवावं, हे नवे पशुधन पर्यवेक्षक हमखास विचारतात. शेळीपालन वाढवणारेही विचारतात. दोन्ही मी बरीच वर्षं वापरल्या आहेत.

वेगाबद्दल वादच नाही. मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेल्या असतात आणि उन्हं चढायच्या आत मेंढपाळाला त्या चरायला काढायच्या असतात. अशा वेळी ऑटोमॅटिकला बाटली जोडायची, मात्रा 1 मिलीवर बसवायची आणि टोचत सुटायचं. घाई लसीलाही असते. पीपीआरची लस एकदा विरघळवली की बर्फावर ठेवूनही 2 तासांत संपवावी लागते.

लाळ्या-खुरकुताच्या तेलकट लसीला तर मी ऑटोमॅटिकच सुचवेन. गार तेल सुईतून ढकलायला जोर लागतो. साध्या डिस्पोजेबलची सुई नुसती दाबून बसवलेली असते. म्हशीने मान झटकली की सुई मानेत, सिरिंज हातात आणि लस अंगावर. आट्यांची धातूची सुई तिथे निभावते.

तरीही शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआरला माझा हात डिस्पोजेबलकडेच जातो. कारण म्हणजे सिरिंजमध्ये शिरणारी हवा.

बाटली रिकामी होत जाते तशी आत हवा जायला वाट लागते. ती वाट तुंबली की बाटलीत ओढ तयार होते आणि सिरिंजची नळी अर्धीच भरते. धडपडणाऱ्या बोकडाबरोबर बाटली आडवी झाली तरी तेच. वायसर सुकला असेल तर तो बाजूनेही हवा ओढतो. त्रास असा की हाताला काहीच कळत नाही. स्प्रिंग तशीच परत येते, दाबही जवळपास तसाच लागतो. पुढची मेंढी समोर आलेली असताना दर खेपेला नळीकडे कोण बघणार? शेवटी 100 मात्रांची बाटली, 100 जनावरं टोचून झालेली आणि तळाशी लस शिल्लक. म्हणजे कुणाच्या तरी कातडीखाली लस कमी गेली, पण ती कोणती मेंढी हे आता सांगता येत नाही; सगळ्या मिसळलेल्या असतात.

आंत्रविषार या शेळ्यामेंढ्यांच्या आतड्याच्या रोगाच्या लसीत पहिल्या वेळी बूस्टर असतो, राहिलेलं जनावर त्यात सापडण्याची आशा तरी असते. पीपीआरचं तसं नाही. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झालेल्या सुंगरी 96 लसीच्या एका मात्रेवर आपण 3 वर्षं विसंबतो. जिला हवा गेली ती शेळी तेवढा काळ ‘लस झालेली’ म्हणून नोंदीत राहते. पीपीआरच्याच जातकुळीतला गुरांचा रोग, बुळकांडी, 2011 मध्ये जगातून संपला. पीपीआर संपवण्यासाठी 2030 चं उद्दिष्ट आहे, आणि ते गाठायचं तर लस खरोखर कातडीखाली जायला हवी. डिस्पोजेबलमध्ये तो 1 मिली दर वेळी डोळ्यांसमोर असतो. मोजमाप करून मी हे सिद्ध केलेलं नाही, पण तिने टोचून झाल्यावर मन स्वस्थ असतं.

सुईचाही मुद्दा आहे. 2022 च्या लम्पीच्या साथीत जनावरागणिक वेगळी सुई हा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. ऑटोमॅटिकवर दर वेळी आटे फिरवून सुई बदला, वेगाचा निम्मा फायदा तिथेच जातो. डिस्पोजेबलमध्ये लस काढायची सुई बाटलीच्या बुचात कायम ठेवता येते, म्हणजे टोचलेली सुई परत लसीत जात नाही. स्वच्छतेबद्दल एवढंच: ऑटोमॅटिक उकळूनच घ्या. आत स्पिरिट किंवा जंतुनाशक राहिलं तर जिवंत लस निकामी होते.

रोज मोठे कळप असतील आणि बाटली सांभाळायला जाणता सहायक असेल, तर ऑटोमॅटिक घेणाऱ्याला मी अडवणार नाही. नळी पारदर्शक असलेली घ्या, जादा वायसर जवळ ठेवा. सुरुवातीला उकळलेल्या पाण्याच्या 10 मात्रा मोजपात्रात सोडा. बरोबर 10 मिली भरलं तरच लस जोडा. बाकीच्यांनी एक माणूस फक्त सिरिंज भरायला बसवावा. दुसऱ्याने टोचावं, आणि त्याच्या हाताशी सुई आरपार जाणार नाही असा जाड डबा असावा. वापरलेली सुई टोपण न लावता थेट त्यात.