निर्यातीचा माल पाठवायला फॉरवर्डर (जहाजावर जागा बुक करून देणारा मधला एजंट) धरायचा की थेट शिपिंग लाइनकडे (जहाज कंपनीकडे) जायचं?

आम्ही सांगलीहून हळद पावडर पाठवतो, न्हावा शेवा बंदरावरून, आणि दोन्ही प्रकार करून झालेत म्हणून लिहितोय.

थेट लाइनकडे गेलं की मधल्याचं मार्जिन वाचतं हे खरं, पण वर्षाला चार-पाच कंटेनरवाल्याला मर्स्क काय नि एमएससी काय, रेट देणार तरी कितीचा? फॉरवर्डर बऱ्याच पार्ट्यांचा माल दाखवून रेट पाडून घेतो, त्यामुळे शेवटी फरक फारसा पडत नाही. वर सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट), गाडी, व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन), कट-ऑफच्या म्हणजे शेवटच्या वेळेच्या आत बंदरात गेट-इन, ही पळापळ लाइन करत नाही, ती आपल्याच गळ्यात. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जादा, तेव्हा आमचं थेट बुकिंग दोनदा रोलओव्हर झालं (पुढच्या जहाजावर ढकललं) आणि शेजारच्याच्या फॉरवर्डरने सरळ दुसऱ्या लाइनवर स्पेस काढली.

डबाभर (कंटेनरभर) माल नसेल तर मग विषयच नाही, लाइन पाच-सहा सीबीएमला (घनमीटरला) हात लावत नाही, एलसीएलसाठी (इतरांच्या मालाबरोबर एकाच डब्यात पाठवायला) फॉरवर्डर लागतोच. 20 फुटीत आत जागा 33 सीबीएमच्या आसपास, प्रत्यक्षात 27-28 भरतात, म्हणून 15 च्या पुढे माल गेला की अख्ख्या डब्याचाही रेट मागवाच.

थेट बुकिंगचा खरा फायदा कागदात आहे. बीएल (बिल ऑफ लेडिंग, ज्यावर माल सुटतो तो कागद) लाइनचं, आपल्या नावावर. फॉरवर्डर देतो ते त्याचं स्वतःचं हाउस बीएल, लाइनचं मास्टर बीएल त्याच्याकडे, आणि त्याने लाइनचे पैसे थकवले की बायर हातात हाउस बीएल घेऊन बसतो आणि डबा पोर्टवर. म्हणून फॉरवर्डरचं एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) रजिस्ट्रेशन आहे का बघा (1993 च्या कायद्याखाली केंद्राचं डीजी शिपिंग हे कार्यालय देतं), आणि एलसी (बायरच्या बँकेची पैशाची हमी) असेल तर हाउस बीएल चालेल का ते बँकेला आधी विचारा.

आणि एलसीएलचा रेट फुकटात वाटला की सावध व्हा. रॉटरडॅमच्या सहा सीबीएमला एकाने इतकं कमी भाडं लावलं की मीच खूश, मग बायरचा मेल आला, तिकडचे डेस्टिनेशन चार्जेस (पोचल्यावर माल सोडवायचा खर्च) भाड्याच्या चौपट!! फॉरवर्डर म्हणे ते तिकडच्या एजंटचं, आमचं नाही. बायरला पुढच्या बिलात डिस्काउंट द्यावा लागला. आता मी आधी तिकडच्या चार्जेसची लिस्ट लेखी मागतो. मागच्या वेळी तिघांना मेल टाकला, दोघे "पाठवतो सर" म्हणत राहिले, तिसऱ्याने संध्याकाळच्या आत पीडीएफ धाडली, माल त्यालाच दिला, सीबीएममागे तीन डॉलर जास्त होते तरी.