पोलो जीटी टीएसआयनंतर काय? स्लाव्हिया आणि व्हर्टस जीटी, दोन्ही घाटात चालवून

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय मनापासून चालवलेल्या माणसाला पुढची गाडी निवडणं जड जातं. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि हे सगळं चार मीटरच्या आत. २०१३ मध्ये ती आली तेव्हा हॅचबॅकमध्ये असा ऐवज आपल्याकडे दुसरा नव्हता. २०२२ मध्ये चाकणला पोलोचं उत्पादन थांबलं आणि तिच्या जागी दुसरी हॅचबॅक आली नाही. त्यामुळे पोलोवाल्यांपैकी बरेच जण आज ज्या पेचात आहेत, त्यातच मीही होते: त्याच घराण्यातली सेडान घ्यायची, तर स्कोडाची स्लाव्हिया की फोक्सवॅगनची व्हर्टस?

मी सीए आहे, ऑफिस साताऱ्यात. ऑडिटसाठी कराड-कोल्हापूर सतत असतं, पुणंही असतं. माहेर महाडचं. म्हणजे सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, मग आंबेनळी उतरून पोलादपूर आणि तिथून महाड. हा रस्ता आधीच सांगून ठेवते, कारण माझा निकाल याच रस्त्यावर लागला. तुमचा रोजचा रस्ता वेगळा असेल तर निकालही वेगळा लागू शकतो.

मन खरं तर स्कोडाच्याच ऑक्टाव्हियावर होतं. पण २०२३ मध्ये उत्सर्जनाचे नवे नियम आले आणि ती आपल्याकडून गेली. ह्युंदाईची व्हर्ना टर्बो कागदावर दोघींपेक्षा सरस आहे: १६० पीएस, मागेही डिस्क ब्रेक, वर एडास, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणारी ड्रायव्हरच्या मदतीची यंत्रणा. तीही चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर झकास पळते, पण वळणात पुढची चाकं काय करताहेत ते स्टिअरिंगमधून हाताला कळावं, ही पोलोने लावलेली सवय तिथे भागली नाही. स्लाव्हिया-व्हर्टसच्याच इंजिनाच्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या एसयूव्ही सुद्धा आहेत. घरच्यांचा ओढा तिकडे होता, ‘उंच गाडी बरी’ म्हणून. मी ठाम नाही म्हटलं. उंच गाडी वळणात जास्त कलते, आणि घाटात मागे बसलेल्याला त्याचाच त्रास होतो.

आता दोघींबद्दल. पहिल्यांदा हे नीट समजून घ्या की या दोन्ही गाड्या आतून सख्ख्या बहिणी आहेत. एमक्यूबी ए-झिरो-इन या भारतासाठी बेतलेल्या एकाच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या, दोन्ही चाकणच्याच कारखान्यातून निघणाऱ्या. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, दोघींचा २६५१ मिमी. डिकी दोघींची ५२१ लिटर. १.५ लिटरचं टीएसआय इंजिन दोघींना तेच: १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. सात गिअरचा डीएसजी तोच. एप्रिल २०२३ मध्ये गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने दोघींना मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी पाच-पाच स्टार दिले. म्हणून ‘कोणतं इंजिन चांगलं’ वगैरे चर्चेत वेळ घालवू नका. शोरूममधला विक्रेता आपल्या गाडीचं इंजिन वेगळं ट्यून केलंय म्हणून सांगत असेल तर ऐकून घ्या आणि टेस्ट ड्राइव्हची चावी मागा.

१.० लिटरचं इंजिनही दोघींत मिळतं, ११५ पीएसचं. कोणाला शहरातच फिरायचं असेल तर ते पुरेसं आहे. पण पोलो जीटीवरून येणाऱ्याने १.५ खालचा विचार करू नये. सेडान पोलोपेक्षा लांबलचक आणि वजनदार, त्यामुळे १.० मध्ये आपण होतो तिथेच राहिल्यासारखं वाटतं. १.५ मध्ये मात्र पहिल्या ओव्हरटेकलाच पैसे कुठे गेले ते कळतं. ऊस तोडणीच्या हंगामात सातारा-कराड पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओळीने चाललेले असतात, रात्री मागे धड दिवाही नसतो. अशा वेळी साठवरून नव्वदवर जायला गाडी किती वेळ घेते, यावर तुमची सुरक्षितता असते. पोलो ते काम नेकीने करायची. ही गाडी ते काम इतक्या लवकर उरकते की मधल्या लेनमध्ये राहायचा वेळच निम्मा होतो. २५० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासूनच हाताशी असतो, इंजिनला ओरडावं लागत नाही.

हायवेवर सत्तर-ऐंशीच्या वेगाने सावकाश चाललं, पाय हलका ठेवला, की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि तसं मीटरवर दिसतं. पाय जरा दाबला की चारही पुन्हा सुरू. हे होताना गाडीला हिसका बसत नाही. मीटर बघितला नाही तर कळणारही नाही. शांतपणे चालवली तर हायवेला सतरा-अठराचं अॅव्हरेज मिळतं. घाटात मात्र दहा-अकरावर येतं.

मग फरक कुठे आहे? सस्पेन्शनमध्ये आणि आतल्या मांडणीत.

हा सस्पेन्शनचा फरक शोरूमभोवतीच्या दोन किलोमीटरच्या चकरेत कळत नाही. आम्ही दोन्ही गाड्या यवतेश्वरच्या घाटात नेल्या, कासच्या रस्त्याने. मागे सासूबाई आणि नणंद, पुढे हे. म्हणजे गाडी भरलेली. हे मुद्दाम केलं, कारण एकट्या ड्रायव्हरला जी गाडी छान वाटते ती चार माणसं बसल्यावर वेगळीच वागते. स्लाव्हिया साताऱ्याच्या गल्ल्यांमध्ये, राजवाड्याकडच्या उंचसखल रस्त्यावर आणि स्पीडब्रेकरवर स्पष्ट जास्त मऊ वाटली. खड्डा गिळते. व्हर्टस तिथे जरा कडक आहे, लहान खड्डा तुम्हाला कळवते. तेवढ्यावर ठरवायचं असतं तर स्लाव्हियाच घेतली असती. घरातल्या सगळ्यांचं मत तेच झालं होतं.

घाट सुरू झाल्यावर चित्र बदललं. एका वळणातून दुसऱ्या उलट वळणात जाताना गाडीचं अंग एकीकडून दुसरीकडे जातं. स्लाव्हिया ते हळूहळू करते आणि कललेली गाडी सरळ व्हायला क्षणभर जास्त घेते. व्हर्टस एकदाच कलते आणि तिथेच थांबते. पुढे चालवणाऱ्याला हा फरक पोलोची आठवण करून देणारा, सुखाचा. पण मला महत्त्वाचं वाटलं ते मागच्या सीटवरचं. सासूबाईंना घाट लागतो. महाबळेश्वरला जाताना मेढ्यानंतर खिडकी उघडी, हातात आवळा सुपारी, हे आमचं नेहमीचं. स्लाव्हियात यवतेश्वर चढून वर जाईपर्यंत त्या गप्प झाल्या होत्या. व्हर्टसमध्ये त्याच चढावर नणंदेशी बोलत होत्या. घाट लागतो तो बहुतेक वेळा या संथ हेलकाव्यांनी. गाडी जितक्या चटकन सावरते तितका मागच्या माणसाला त्रास कमी. कडक सस्पेन्शन म्हणजे मागच्यांचे हाल, असं आपण सरसकट धरून चालतो. सपाट खराब रस्त्यावर ते खरं आहे, घाटात नाही.

आम्ही व्हर्टस जीटी प्लस, म्हणजे १.५ इंजिनाची व्हर्टस घेतली, डीएसजी, २०२३ च्या दसऱ्याला. ऑन-रोड बावीस लाखांच्या आसपास पडली. नंतर आंबेनळीत ती खऱ्या अर्थाने कसोटीला लागली. महाबळेश्वर सोडलं की प्रतापगडाचा फाटा मागे पडतो आणि पोलादपूरपर्यंत उतार संपतच नाही. पावसाळ्यात रस्त्यावर माती आलेली असते, धुकं असतं, समोरून एसटी येते. इथे स्टिअरिंगमागचे पॅडल कामाला येतात. पोलोला ते नव्हते, गिअरची दांडी ढकलायला हात खाली न्यावा लागायचा. आता वळणाच्या अलीकडे डावं पॅडल एकदा ओढलं की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, इंजिनचा आवाज जरा चढतो, गाडी आपोआप धरली जाते आणि ब्रेकवर पाय फक्त टेकवावा लागतो. वळण संपता संपता अॅक्सिलरेटर दिला की पुढची चाकं न घसरता ओढून काढतात. ओल्या रस्त्यावर मी तिला कधी बिचकताना पाहिलं नाही.

पॅडलची ही सवय लावून घ्याच, कारण दोन्ही गाड्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत, जे डिस्कपेक्षा उशिरा थंड होतात. बावीस लाखांच्या, दीडशे पीएसच्या गाडीला. रोजच्या वापरात त्याने काही अडत नाही, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, गाडी घसरू न देणारं ईएसपी, सगळं आहे, पण लांब उतारावर ब्रेक तापू न देणं ही जबाबदारी ड्रायव्हरवर येते.

डीएसजीबद्दल लोक घाबरवतात. हा गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात बुडलेला नसतो, त्यामुळे रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो. नवले पुलापासून कात्रजपर्यंत संध्याकाळी जे चालतं, त्यात फूट-फूट गाडी सरकवत राहिलात तर क्लच सतत अर्धवट घासत राहतो. उपाय साधा आहे: पुढच्या गाडीला जाऊ द्या, दोन गाड्यांची जागा झाली की मग एकदाच सरका, आणि थांबताना ब्रेक पूर्ण दाबून ठेवा म्हणजे क्लच सुटलेला राहतो. ज्यांचं रोजचं आयुष्यच अशा ट्रॅफिकमध्ये जातं त्यांनी १.० चा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक बघावा, ज्यात असा कोरडा क्लच घासत नाही, किंवा सरळ मॅन्युअल. आणि डीएसजी घेतलात तर एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे वाचवू नका.

आत बसल्यावर स्लाव्हिया जास्त देखणी आहे, यात मला शंका नाही. गोल एसी व्हेंट, दोन दांड्यांचं स्टिअरिंग, त्यावर आवाज कमी-जास्त करायला फिरणारी छोटी चकती, जी बोटाला बघायच्या आधी सापडते. व्हर्टस जीटीत काळ्या सीटवर लाल शिवण, अॅल्युमिनियमचे पेडल, पुढच्या चाकांत ब्रेकचे लाल कॅलिपर. तरुण पोरांना ते आवडतं. मला स्लाव्हियाचा फिकट रंग जास्त मोकळा वाटला होता. पण मी बसते ड्रायव्हरच्या सीटवर आणि माझी नजर रस्त्यावर असते, म्हणून या मुद्द्याला मी कमी मार्क दिले. ज्याला दिवसाचे तास पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर काढायचे आहेत, मागे म्हातारी माणसं नाहीत की घाट नाहीत, त्याने स्लाव्हिया घ्यावी. मऊ आहे, देखणी आहे, इंजिन तेच आहे. आणि स्कोडाचा वारसाही साधा नाही. १८९५ मध्ये म्लादा बोलेस्लावला लॉरिन आणि क्लेमेंट या जोडीने सायकलींपासून सुरुवात केली, त्या सायकलींचं नाव स्लाव्हियाच होतं.

मागच्या सीटवर दोघं ऐसपैस बसतात. तिसरा मधे बसला तर त्याच्या पायाशी उंचवटा येतो, लांबच्या प्रवासाला तो तिसरा लहान मूल असलेला बरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सेडान खाली बसते. आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, ही पद्धत त्यांना जमली आहे. डिकीचं कौतुक मात्र करावं तेवढं थोडं. महाडहून येताना तांदळाचं पोतं, कोकमाचा डबा, मे महिन्यात दोन फणस, शिवाय सगळ्यांच्या बॅगा, आणि तरी झाकण न दाबता लागतं. पोलोत फणस नणंदेच्या पायाशी असायचा.

लांबीचं गणित घरी मोजून मगच बुकिंग करा. पोलो ३९७१ मिमी, व्हर्टस ४५६१ मिमी. जवळपास दोन फूट जास्त. आमच्या गल्लीतून दारात वळताना पोलो एका दमात आत यायची, आता एकदा मागे घ्यावी लागते. उंचीची धास्ती घेऊ नका. कंपनी १७९ मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते आणि चार माणसांनिशी, भरल्या डिकीने आमची गाडी गावाकडच्या स्पीडब्रेकरला घासलेली नाही.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही कंपन्यांशी माझं भांडण आहे: एसीचं पॅनेल. पोलोला गोल नॉब होते, अंधारातही हात बरोबर त्यावरच जायचा. इथे गुळगुळीत काळी पट्टी आहे, बोट फिरवून तापमान बदलायचं. आंबेनळीत धुक्यात काच आतून धुरकट झाली की मला त्याच क्षणी पुढच्या काचेवर हवा हवी असते, आणि त्यासाठी नजर रस्त्यावरून काढून खाली बघावं लागतं. त्यामुळे मी आता धुकं दिसायच्या आधीच, महाबळेश्वर सोडतानाच हवा काचेवर लावून ठेवते. पुढच्या बदलात कंपन्यांनी या गाडीला मोठा पडदा किंवा अजून दिवे देऊ नयेत. दोन नॉब द्यावेत आणि मागे डिस्क ब्रेक बसवावेत.