बॉल पायथनची ‘जोडी’ घेताय? माझे ३९,३०० रुपये गेले, आधी हे वाचा

आधी हिशेब. बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकी अजगराच्या जोडीचे ३४,००० : त्यातले १०,००० टोकन म्हणून यूपीआयने, २४,००० साप ताब्यात घेताना रोख. ‘दोघांचा खास टब’ म्हणून १,८००. सरकारी नोंदणी पोर्टलवर नावावर करून देतो म्हणून ३,५००. एकूण ३९,३००. त्या बदल्यात मिळाला एक धडधाकट नर आणि एक मरायला टेकलेली मादी. मांडुळाच्या नादात लाखो घालवणाऱ्यांच्या बातम्या वाचून मीच दात काढायचो, त्यामुळे घरात हा आकडा अजून पूर्ण सांगितलेला नाही.

मी काही नवखा नाही. माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे, एकटा, स्वतःच्या टबात. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सैल करायचा, पुसायचा, लांब चिमट्याने द्यायचा, हे सगळं अंगवळणी पडलेलं. साप एकलकोंडा प्राणी, हेही माहीत. पण विकणारा अशा ठसक्यात बोलायचा की आपलंच ज्ञान कमी वाटावं. ‘दादा, ही पिल्लं असल्यापासून एकत्र आहेत. समोर दुसरा खाताना दिसला की भूक उघडते. वेगळी केलीत तर दोघंही खाणं सोडतील.’ सोबत फोटो, मादीच्या अंगावर नर वेटोळं घालून बसलेला. ‘बघा कसा बिलगलाय.’ बिलगलाय कसला! टबात उबेचा कोपरा एकच, तो दांडग्याने बळकावलेला.

आता ज्या गोष्टीने अजून झोप उडते ती सांगतो. त्याने दोन व्हिडिओ पाठवले होते. पहिल्यात ‘नर खातोय’, दुसऱ्यात ‘आता मादी खातेय’. मी दोन्ही पाहिले, खूश झालो, टोकन पाठवलं. बॉल पायथनच्या अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन्ही व्हिडिओंत उंदीर आवळणाऱ्या सापाच्या डाव्या डोळ्यामागचा फिकट पट्टा मध्येच तुटलेला आहे. एकच साप! आणि मागे, कागदाच्या कोपऱ्यात, दुसरं वेटोळं दोन्ही वेळी जसंच्या तसं, कातडी सैल पडून घड्या दिसतायत. व्हिडिओ थांबवून डोकी जुळवायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण मी उंदराकडे बघत होतो. कोणीही उंदराकडेच बघतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. एकत्र ठेवण्यातली खरी मेख हीच : टबातले दोन उंदीर संपले एवढंच कळतं, कोणी खाल्ले ते कळत नाही. उलटी झाली तरी कोणाची, विष्ठा पातळ तरी कोणाची, पत्ता लागत नाही.

घरी आल्यावरही मी गाफील राहिलो, असं म्हणू नका. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतो, जागा बदलली की हमखास तोंड फिरवतो, हे सगळेच सांगतात. मादी खात नव्हती, मी धीर धरला. एकदा दोन टोकांना दोन उंदीर ठेवले. नराने आपला संपवला आणि तिच्या तोंडासमोरच्या दुसऱ्यावर झेपावला. उंदरासकट तिचा जबडा त्याच्या तोंडात. सापाचे दात मागे वळलेले असतात, धरलं की सुटता सुटत नाही. सोडवताना मला घाम फुटला. त्याच रात्री दोघं वेगळे केले. एका टबात खायला घालणारे कोणी असाल तर आजच थांबा.

डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं : ४१० ग्रॅम. विकताना सांगितलेलं वजन ९०० ग्रॅम. तोंड उघडलं तर लाळेच्या तारा आणि हिरडीवर पनीरासारखा पू. तपासणी आणि औषधं मिळून ६,४०० रुपये वेगळेच.

मग तक्रार. पोलीस म्हणाले, साप आहे ना, वनखात्यात जा. वनखात्यातले साहेब म्हणाले, पैशांची फसवणूक पोलिसांकडे, आणि तुम्ही साप ठेवलाच कसा ते आधी सांगा. मी २०२४ च्या नोंदणी नियमांची प्रत पुढे केली. हा परदेशी साप आहे, परिवेश पोर्टलवर नोंदवून ठेवता येतो, म्हटलं. त्यांनी ती उलटी धरली. ‘अजगर शेड्यूल एकमध्ये येतो.’ म्हणजे वन्यजीव कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षित प्राण्यांच्या यादीत. अहो, तो आपला भारतीय अजगर, हा आफ्रिकेतला! तिसऱ्या टेबलावर कळलं की विकणाऱ्याने दिलेला नोंदणी क्रमांक पोर्टलवर भलत्याच पोपटाचा आहे. म्हणजे फसलो मी आणि बिनकागदाचा प्राणी बाळगणाराही मीच! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नोंद घेतली. बँकेचं उत्तर आलं : पिन तुम्हीच टाकला. रोखीचा पुरावा कुठाय, हे तर प्रत्येकाने विचारलं. ज्याने बुडवलं त्याला एक फोन करायला मात्र कोणालाच सवड नाही. पोलिसांनी शेवटी साधा अर्ज घेतला, त्यावर ‘जनावर खरेदी वाद’ असं लिहिलंय.

रोख देऊ नका. नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी तपासा, ‘नंतर नावावर करतो’ ऐकून घेऊ नका. प्रत्येक साप वेगळ्या टबात, तुमच्या डोळ्यांदेखत खायला हवा. वजन फोनवर ऐकायचं नसतं, काट्यावर बघायचं असतं. तोंड उघडून दाखवायला कुरकुरला तर उठा. आणि नवा साप आणला की जुन्यापासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा. माझ्या कॉर्न स्नेकला काही झालं नाही ते केवळ तो दुसऱ्या खोलीत होता म्हणून.

परवा मित्राला त्याच माणसाकडून जाहिरात आली, नंबर नवा, भाव ४२,०००, ‘एकत्र जेवणारी जोडी’. व्हिडिओ तेच. तुम्हालाही आले तर खाणाऱ्या सापाचा डावा डोळा बघा. पट्टा तुटलेला असेल तर तो साप सध्या माझ्या घरी आहे.