टेली मानस १४४१६ : मुलाच्या हाती देण्याआधी आईबाबांनी लावायचा नंबर

केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, आणि फोन लागला की वीस भाषांतून मराठी निवडता येते. बरेच पालक हा नंबर ‘वेळ आली तर मुलाला देऊ’ म्हणून जपून ठेवतात. आमच्या मते तो आधी पालकांच्या कामाचा आहे. दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं, मुलगी आठवडाभर खोलीबाहेर येईना, की मुलांशी बोलण्याआधी इथे बोलून घ्यावं.

फोनआधी कागदावर चार गोष्टी लिहा: मुलाचं वय; झोप, जेवण, पैसे, मित्र यांत काय बदललं आणि कधीपासून; हाताला नेमकं काय लागलं; घरात कोण पितं. चौथी हमखास गाळली जाते आणि सल्ला तिथेच फसतो. रोज रात्री ग्लास भरणाऱ्या बाबांचं ‘दारू वाईट’ चौदा वर्षांच्या पोराच्या कानाच्या आतही जात नाही. मुलाला शेजारी बसवून स्पीकरवर फोन लावू नका. त्याला ती चहाडीच वाटणार.

समुपदेशकाला मोघम ‘काय करू’ विचारण्यापेक्षा ‘पहिलं वाक्य काय बोलू’ असं विचारा. ‘तू घेतोस का?’ याचं उत्तर ‘नाही’ हे ठरलेलं. ‘तुमच्या वर्गात व्हेप येतं म्हणे, मुलं काय म्हणतात त्याबद्दल? नावं नको सांगूस’ इथून गाडी पुढे सरकते. मूल फारच गप्प असेल तर ‘जीव नकोसा वाटतो का?’ हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे.

गुपचूप लघवीची तपासणी करणाऱ्या किटच्या नादी लागू नका. खसखशीमुळेही अफूची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीत अनारसे खाल्लेल्या पोराला गर्दुल्ला ठरवलंत, तर पुढची दोन वर्षं तो तुमच्याशी बोलायचा नाही.

सेवेच्या मर्यादाही ओळखून असा. फोन उचलतो तो प्रशिक्षित समुपदेशक. गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्यातल्या प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवतात. पहिल्याच फोनवर गोळ्या लिहून मिळतील अशी अपेक्षा नको. पुढच्या वेळी तोच समुपदेशक मिळेल असंही धरून चालू नका, तो कागद जपून ठेवा.

मूल शुद्धीत नसेल तर हा नंबर नाही, १०८. कुशीवर झोपवा, उलटी काढायला लावू नका, बाटली किंवा पाकीट सोबत न्या. थिनर हुंगताना दिसलं तर ओरडत मागे धावू नका: अशा वेळी दचकून, धावून हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीव जाऊ शकतो.

नावाचा घोळ मात्र सरकारनेच करून ठेवलाय. १९३३ हीसुद्धा ‘मानस’च, पण ती अमली पदार्थविरोधी यंत्रणेची, विक्रेत्याची खबर द्यायची असेल तर तिथे. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६. फ्रिजवर चिकटवताना १४४१६ आणि १४४४६ एकाखाली एक लिहू नका, आणि प्रत्येकापुढे कशासाठी ते मोठ्या अक्षरात लिहा.