13 नंबरच्या सेलचं कानामागचं मशीन: नजर कमी असलेल्यांना कितपत जमतं?

कानाचं मशीन दाखवताना दुकानदार आधी सांगतात, ‘घातलेलं कळतसुद्धा नाही.’ पण कानाबरोबर मोतीबिंदू, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रासही असेल, तर इवलंसं मशीन घरी नेऊन डब्यातच पडून राहतं. वयामुळे ऐकू येणं कमी होतं ते बहुतेकदा वरच्या पट्टीपासून. स, श, फ, त, क निसटतात. आवाज येतो, पण ‘साठ’ की ‘आठ’ ते कळत नाही. ही उणीव माणूस समोरच्याचे ओठ बघून भरून काढतो. नजरही गेली की तो आधार सुटतो, म्हणून अशा माणसाच्या कानात मशीन दिवसभर असायला हवं, आणि ते त्याचं त्याला घालता-काढता आलं पाहिजे.

या कसोटीवर मापाच्या मोल्डसह (कानात बसणारा, कानाच्या मापाचा साचा) येणारं, 13 नंबरचा सेल लागणारं कानामागचं मशीन मला सर्वांत भरवशाचं वाटतं. हा सेल (नारिंगी स्टिकरचा) 312 नंबरच्या सेलइतकाच रुंद, 7.9 मिलिमीटर, पण जाडीला 5.4, तर 312 फक्त 3.6. थरथरत्या बोटांना हा फरक फार मोठा असतो. शिवाय 13 जास्त दिवस चालतो, साधारण आठवडा ते दोन आठवडे.

सेल बदलणं हाताला शिकवता येतं. स्टिकर ज्या सपाट बाजूला असतो ती अधिक (+) बाजू. स्टिकर काढल्यावर छोट्या छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून निदान एक मिनिट, जमल्यास तीन-चार मिनिटं थांबून मग झाकण लावावं. घाई केली की सेल लवकर उतरतो, आणि स्टिकर परत चिकटवून काही उपयोग नाही. झाकण सहज बसत नसेल तर सेल उलटा आहे; जोर लावला की बिजागरी तुटते. टोकाला चुंबक असलेली काडी मागून घ्या, पडलेला सेल तिने सापडतो.

उजव्याला लाल, डाव्याला निळी खूण असते, पण ती ठिपक्याएवढी. उजव्या मशीनवर माइकची भोकं टाळून नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठेवला की बोटाला कळतं. मोल्डचं वरचं टोक कानाच्या घडीत नीट गेलं नाही तर शिट्टी वाजते. दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढला की ते बसतं. नीट बसवूनही शिट्टी थांबत नसेल तर कानात मळ आहे का, मोल्ड सैल झालाय का, ते ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) बघून घ्या. चष्मा दोन्ही हातांनी सरळ पुढे काढावा. एका हाताने ओढला तर मशीनही उडून पडतं.

खरी कमतरता म्हणजे मशीनपासून मोल्डपर्यंत आवाज नेणारी ट्यूब. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तिच्यात पाण्याचा थेंब साचतो आणि आवाज एकदम बंद होतो. घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं. रात्री झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. ट्यूब काही महिन्यांत कडक आणि पिवळी पडते, ती बदलून घ्यावी. मोल्ड कोमट साबणपाण्याने धुवावा, मशीनपासून सोडवूनच.

चार्जिंगचं मशीन चांगलं, सेलची कटकट नाही. मात्र दिवा बारीक असतो. स्टँडमध्ये नीट बसलं का ते हाताला कळतं ना, हे आधी पाहा. बोटं अगदीच चालत नसतील तर खिशातलं वायरवालं मशीनही कमी लेखू नका: मोठं चाक, पेन्सिल सेल. कपडा घासल्याची खरखर मात्र सोसावी लागते.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, 2 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकरकमी 3,000 रुपये मिळतात. दोन्ही कानांची डिजिटल मशीन त्यात येणार नाहीत, पण हातभार लागतो.

पैसे देण्याआधी दुकानातच, डोळे मिटून, ज्यांच्यासाठी मशीन घेताय त्यांना स्वतःला सेल बदलायला आणि मशीन घालायला सांगा. आणि सेल गोळ्यांच्या डब्याजवळ ठेवू नका. हाताला तो गोळीसारखाच लागतो; गिळला गेला तर वाट न बघता दवाखाना गाठा.