रेकॉर्ड की सीडी? आधी तानपुरा ऐका

रेकॉर्डचा आवाज उबदार आणि सीडीचा कोरडा, या वादात मला रस नाही. मी घरी एकच गोष्ट तपासतो: तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे मूळचा सा, जागेवर राहतो की नाही. बाकी सगळं चालवून घेता येतं, हे नाही.

गेल्या मिरगाआधी बेल्टवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर घेतला. सीडी प्लेअर घरात होताच. दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला, त्याच स्पीकरांना जोडलेत. भावगीतं ऐकेपर्यंत सगळं झकास होतं. मग ख्यालाची एक जुनी एलपी लावली आणि तानपुरा झोके घ्यायला लागला. सूर किंचित चढायचा, किंचित उतरायचा, पुन्हा चढायचा. विलंबितात तर ऐकवेना.

विक्रेता म्हणाला, बेल्ट सैल झालाय. रत्नागिरीहून आंबा घाट चढून प्लेअर कोल्हापूरला नेला, नव्या बेल्टचे पैसे मोजले, घरी आणून लावला. झोका तसाच! फोन केला तर म्हणे, "काका, तुमच्या कोकणात व्होल्टेज खालीवर होतं, आणि रेकॉर्डला एवढं चालतंच." नाही चालत. माझ्या प्लेअरची मोटर सिंक्रोनस आहे. तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली १८० रेघांची स्ट्रोबची चकती फिरवून पाहिली, रेघा जागच्या हलल्या नाहीत, म्हणजे वेग बरोबर. म्हणजे प्लेअर निर्दोष आणि बेल्टचे पैसे फुकट गेले. ते मी अजून मागतोय.

दोष रेकॉर्डच्या भोकात निघाला. मिनिटाला ३३ १/३ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, आणि झोकाही तेवढ्याच वेळाने येत होता. टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, पाहिलं तर प्रत्येक फेऱ्याला तो डावीउजवीकडे सरकताना स्पष्ट दिसला. भोक मधोमध नाही. ते १ मिलिमीटर सरकलेलं असेल, तर बाहेरच्या कडेला सूर दोन्ही बाजूंना सुमारे ०.७ टक्के हलतो आणि लेबलजवळ सुमारे १.७ टक्के. श्रुती म्हणजे सुरांमधलं बारीक अंतर. त्यातली प्रमाणश्रुती ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का. बाजू संपत येते तेव्हा षड्ज एका श्रुतीहून जास्त ढळतो! ज्या संगीतात श्रुतीवर राग उभा राहतो, तिथे याला 'एवढं चालतंच' म्हणणाऱ्याने तानपुरा जवळून ऐकलेला नसावा.

सीडीत हा प्रकार संभवतच नाही. चकती फिरताना थोडी मागेपुढे झाली तरी वाचलेले आकडे आधी साठवले जातात आणि क्रिस्टलच्या घड्याळाच्या ठोक्यावर सेकंदाला ४४,१०० या हिशेबाने बाहेर पडतात. म्हणून त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी मिळवली. षड्ज खांबासारखा उभा. वाटलं, विषय संपला, आता रेकॉर्ड विकून टाकू.

पण दुसऱ्यांदा ऐकताना काहीतरी कमी वाटलं. जवारी! जुन्या टेपची खरखर काढताना कुणीतरी तानपुऱ्याची वरची झणझणही पुसून टाकली होती. सूर होता, त्याभोवतीचा गुंजारव नव्हता. हा सीडीचा दोष नाही. २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं तिच्यात मावतं. साफसफाई करणाऱ्याचा आहे. एलपीवर मात्र जवारी जशीच्या तशी होती.

मग बारीक गोल कानशीने एलपीचं भोक थोडं मोठं केलं, भुसा झटकून रेकॉर्ड केसभर सरकवत राहिलो आणि टोनआर्म स्थिर झाल्यावर थांबलो. आता त्या रेकॉर्डचा तानपुरा स्थिरही आहे आणि भरलेलाही. मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. दुर्मिळ रेकॉर्डवर मात्र कानस चालवू नका.

आपल्या हवेबद्दल थोडं. पावसाळ्यात रेकॉर्डची कडकड चक्क कमी होते, कारण दमट हवेत स्थिर वीज साठत नाही आणि धूळ चिकटून बसत नाही. बुरशी मात्र कागदी पाकिटांना आधी धरते, तिथून रेकॉर्डवर जाते. आतली पाकिटं मी प्लॅस्टिकची केली आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. सीडी प्लेअरचं भिंग जुलैत दमट होऊन गाणं अडखळायचं. अर्धा तास आधी चालू करून ठेवला की सुधारतो. खाऱ्या वाऱ्याने दोन्ही प्लेअरच्या जोडणीच्या पिना काळ्या पडतात, त्या पुसाव्याच लागतात.

सध्या नवं काही घ्यायचं तर ख्यालासाठी मी आधी सीडीच बघतो, पण तिचा तानपुरा ऐकल्याशिवाय पैसे देत नाही. जुनी एलपी घेताना दुकानदाराला ती लावायला सांगा आणि शेवटच्या गाण्यावर सुई ठेवून टोनआर्मकडे बघा. आर्म डुलत असेल तर भाव निम्मा करून मागा.