गुडघ्याचा एमआरआय: पीडी फॅट-सॅट घ्यावं की स्टर?

दुखऱ्या गुडघ्याचा रुग्ण मशीनमध्ये फार वेळ निश्चल पडून राहू शकत नाही. त्यामुळे मोजकेच सिक्वेन्स (चित्र घेण्याच्या पद्धती) निवडावे लागतात, आणि चित्रातली चरबी (म्हणजे तिचा सिग्नल) कशी दाबायची हे आधीच ठरवावं लागतं. ती दाबावीच लागते, कारण हाडाच्या मज्जेत चरबी भरपूर असते. तिची चकाकी तशीच राहिली, तर मार लागून मज्जेत आलेली सूज त्यात हरवून जाते.

पीडी फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबून घेतलेलं प्रोटॉन-डेन्सिटी चित्र) हे चरबी आणि पाणी यांच्या प्रोटॉनच्या वारंवारितेतल्या फरकावर चालतं. १.५ टेस्लावर (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) हा फरक सुमारे २२० हर्ट्झ असतो, ३ टेस्लावर दुप्पट. म्हणून ३ टेस्लावर दोन्ही वेगळे करणं सोपं जातं. चित्र रेखीव येतं: कूर्चा राखाडी, सांध्यातलं पाणी उजळ, मेनिस्कस (सांध्यातली चंद्रकोरीसारखी गादी) काळा. मेनिस्कसमधली उजळ रेघ पृष्ठभागाला टेकते का, यावर फाटल्याचं निदान ठरतं, आणि ते पाहायला मला तरी हेच चित्र सगळ्यात भरवशाचं वाटतं.

पण त्याला चुंबकीय क्षेत्र एकसारखं लागतं. एसीएलच्या (गुडघ्यातल्या पुढच्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेत धातूचा स्क्रू बसवलेला असेल तर त्याच्या आसपास क्षेत्र बिघडतं, चरबी दबत नाही आणि सूज नसताना सूज दिसते. स्टर (STIR, चरबी दाबण्याची दुसरी पद्धत) इथे तग धरतं. चरबीचा टी१ (पल्सनंतर मूळ स्थितीकडे परतायचा वेळ) कमी असतो, चुंबकन उलटवणाऱ्या पल्सनंतर तिचा सिग्नल शून्यावर येतो (१.५ टेस्लावर साधारण १५०–१७० मिलिसेकंदांनी), नेमका तेव्हा सिग्नल घ्यायचा. वारंवारितेशी त्याचा संबंध नाही. मोबदल्यात सिग्नल घटतो, चित्र दाणेदार होतं, कूर्चेचे बारकावे जातात. गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्टचं औषध) दिल्यावर मात्र स्टर घेऊ नये. औषध शोषलेल्या ऊतीचा टी१ चरबीइतका खाली आला, तर तीही चरबीबरोबर पुसली जाते.

यांपैकी काहीही निवडलं तरी जास्त टीईचा (टीई म्हणजे पल्सपासून सिग्नल घेईपर्यंतचा वेळ) एक टी२ सिक्वेन्स हवाच. कमी टीईवर मुख्य क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास असलेले स्नायुबंध निरोगी असूनही उजळतात. टी२वर ती उजळी जाते, खरी इजा टिकते. फ्रॅक्चरची रेघ आणि मज्जेतली गाठ यांसाठी साधा टी१ सिक्वेन्स ठेवावा. टी२ मॅपिंग (टी२ आकड्यांत मोजून त्याचा नकाशा काढणं) कूर्चेच्या संशोधनात मोलाचं आहे, पण रोजच्या निर्णयासाठी त्यावर वेळ घालवू नये.

धातू नसलेल्या गुडघ्याला पीडी फॅट-सॅट, शक्य असेल तर ३ टेस्लावर. स्क्रू असेल तर १.५ टेस्ला आणि स्टर, कारण क्षेत्र वाढलं की धातूभोवतीची विकृतीही वाढते.